स्मृतीचे विश्वस्त

देशावरील कोणत्याही जुन्या गावी जावे, तेथील शिवालयाच्या आवारात किंवा वेशीजवळच्या पिंपळाखाली एखादी कोरीव शिळा बहुधा दृष्टीस पडतेच. तिच्यावर एकावर एक अशा तीन-चार चौकटी कोरलेल्या असतात. तळाच्या चौकटीत ढाल-तरवार घेतलेले वीर झुंजत असतात व पुष्कळदा शेजारी गाईगुरे दाखविलेली असतात. मधल्या चौकटीत पडलेल्या वीरास अप्सरा वर नेत असतात. आणि सर्वांत वर तोच वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर चंद्रसूर्य असतात. ते आकाशात आहेत तोवर ही कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ. हा वीरगळ होय. गावच्या गुरांसाठी किंवा गावच्या शिवेसाठी ज्याने प्राण वेचले त्याची ही खूण. परंतु त्या वीराचे नाव विचारावे, तर ते गावात कोणासही सांगता येत नाही. आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर अक्षरच नाही. शिळेस शेंदूर फासलेला असतो, सणावारी तिच्यापुढे नारळ फुटतो, आणि 'हे आमच्या राखणीचे दैवत' एवढेच उत्तर मिळते.

ही स्मृती टिकली म्हणावी की बुडाली म्हणावी? दगड टिकला, भक्तीही टिकली. पण ज्या माणसासाठी हा सारा खटाटोप, तो माणूसच मधल्या मध्ये हरवला. उलटपक्षी, त्या शिळेवर शेंदूर चढला नसता, तर ती केव्हाच एखाद्या विहिरीच्या बांधकामात गेली असती, हेही खरे. गावकऱ्यांच्या भाविकपणाने तिचे रक्षणही केले आणि तिचा अर्थही पुसला. स्थानिक इतिहासाचे जतन करू म्हणणाऱ्या प्रत्येकापुढे हाच पेच उभा असतो. आपण ज्याला जतन म्हणतो त्यात राखणे किती आणि बदलणे किती? आणि मृतांच्या ठेव्यात बदल करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

प्रथम एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कित्येक विचारी माणसे म्हणतात की, राष्ट्राचा मोठा इतिहास लिहिला गेला आहे, तो पुरेसा आहे; गावोगावच्या आठवणी उकरून काय मिळवावयाचे? शिवाय विस्मृती ही निसर्गाने मनुष्यास दिलेली एक औषधी आहे. जुनी वैरे व जुने अपमान विसरले गेले म्हणूनच माणसे शेजारी शेजारी नांदू शकतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तथापि मोठ्या इतिहासास निकाल ठाऊक असतो, किंमत ठाऊक नसते. अमुक साली अमुक किल्ला पडला हे तो सांगतो. त्या रात्री किल्ल्याखालच्या वाडीतील माणसे कोठे लपली व काय खाऊन जगली, हे त्या वाडीतील आठवणच सांगू शकते. राहिली गोष्ट विस्मृतीच्या औषधाची. ज्याला जखम झाली त्याने विसरणे हा त्याचा थोरपणा. ज्याने जखम केली त्याने, 'आता सर्वांनी विसरावे' असे म्हणणे हा निव्वळ सोयीचा व्यवहार होय. काय विसरावे हे ठरविण्यापूर्वी काय घडले हे कोठेतरी नमूद असले पाहिजे. म्हणून जतन करावे की नाही हा प्रश्न माझ्या मते उरत नाही. कसे करावे, हाच खरा नीतीचा प्रश्न आहे.

स्मृती आपल्यापर्यंत तीन वाटांनी येते: कोणी आठवणी लिहून ठेवितो, कोणी दगड उभा करितो, आणि पुष्कळ जण केवळ गोष्ट सांगतात. या तिन्ही वाटांवर आपली परीक्षा निरनिराळ्या रीतीने होते.

आठवणींचे उदाहरण घ्यावयाचे, तर विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाहून बोधप्रद उदाहरण मराठीत दुसरे नसावे. कोकणातील वरसई गावचा हा भिक्षुक ब्राह्मण घरच्या कर्जाने गांजलेला होता. उत्तरेकडे बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने १८५७ साली तो काकांबरोबर घराबाहेर पडला, आणि नेमका त्या वर्षीच्या वणव्यात सापडला. १८५८ साली झाशीस वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. तेथील कत्तल व लूट त्याने डोळ्यांनी पाहिली, लपून जीव वाचविला. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाला त्याचा शोक केला. वाटेत अनेकदा नागवला गेला. शेवटी मिळविलेले द्रव्य नव्हे, तर आईबापांच्या स्नानासाठी गंगेची कावड तेवढी खांद्यावरून घेऊन तो गावी परतला.

पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ साली, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्याने हे सर्व मोडीत लिहून काढिले. आपल्या मृत्यूनंतरच ते प्रसिद्ध व्हावे, अशी त्याची अट होती. त्या काळचे राज्य ध्यानात घेता या भीतीचे कोणासही नवल वाटू नये. वैद्यांनी ती अट पाळली. लेखक निवर्तल्यावर १९०७ साली त्यांनी ग्रंथ छापिला. पण जसाच्या तसा नव्हे. भिक्षुकाची घरगुती, ओघवती, मध्येच अडखळणारी भाषा त्यांनी नीटस केली, अप्रशस्त वाटला तो मजकूर गाळला, आणि इतिहास म्हणून उणे वाटले तेथे भर घातली. त्यानंतरच्या सुमारे साठ वर्षांत महाराष्ट्राने जे 'माझा प्रवास' वाचले ते या संस्करणातून. मूळ हस्तलिखितावरून तयार केलेली प्रत महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली बाहेर आली, तेव्हा कोठे विष्णुभट स्वतःच्या आवाजात बोलू लागला.

वैद्यांस आपण दोष द्यावा काय? घाईने देऊ नये. महाभारत व मध्ययुगीन भारत यांवर मोठे ग्रंथ लिहिणारा तो पुरुष विद्वान होता व त्याचा हेतू शुद्ध होता. त्याने आग्रह धरिला नसता, तर हा ग्रंथ जन्मासच आला नसता. मित्राच्या अब्रूस व ग्रंथाच्या जीवितास धोका पोहोचू नये, वाचकांनी नाक मुरडू नये, असे वाटून त्याने कात्री चालविली असेल. तरीही एक गोष्ट उरतेच. विष्णुभटाने पाहिलेले जग विष्णुभटाच्या शब्दांत आपणांस मिळावयाचे होते. वैद्यांच्या अभिरुचीत ते मिळाले. गाळलेल्या ओळी हलक्या असतील, पण त्या साक्षीदाराच्या होत्या. घातलेल्या ओळी अचूक असतील, पण त्या साक्षीदाराच्या नव्हत्या. न्यायासनापुढे साक्षीदाराची जबानी अधिक सुंदर करणारा वकील जसा न्यायाचे नुकसानच करितो, तसाच हा प्रकार आहे.

परंतु वैद्यांनी एक गोष्ट अशी केली की, तिच्यापुढे त्यांचा सारा अपराध फिका पडतो. त्यांनी मूळ हस्तलिखित जाळले नाही किंवा फाडले नाही. ते भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. आपण केलेल्या बदलांविरुद्धचा पुरावा त्यांनी स्वहस्ते पुढील पिढीच्या हाती दिला. आपल्या निर्णयावर पुढे कोणी फेरविचार करू शकेल एवढी जागा ठेवणे, हा माझ्या मते जतनाचा पहिला नियम होय. ज्याने सुधारणा केली पण मूळ राखिले, त्याची चूक दुरुस्त होऊ शकते. ज्याने मूळच नाहीसे केले, त्याच्या चांगल्या कृत्यासही दुरुस्ती नाही.

आता दगडाकडे वळू. स्मारक उभारणारास वाटते की, आपण अर्थ कायमचा खिळवून ठेविला. पुण्याजवळ भीमेच्या काठी कोरेगाव येथे जो जयस्तंभ आहे, त्याचा इतिहास या समजुतीस पुरते उत्तर देतो. १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीच्या एका लहान पलटणीने पेशव्यांच्या मोठ्या सैन्याशी तेथे दिवसभर झुंज दिली. त्या शौर्याच्या, आणि अर्थात स्वतःच्या सत्तेच्या, गौरवार्थ कंपनी सरकारने पुढे काही वर्षांतच तो स्तंभ उभारिला व त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरिली. त्यांपैकी बावीस नावांच्या अखेरीस 'नाक' हा प्रत्यय आहे. ते महार शिपाई होते. स्तंभ उभारणारास त्यांच्या जातीच्या उद्धाराशी काही कर्तव्य नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची लष्करातील भरती बंद केली, यावरून ते उघड आहे. पण नावे दगडावर राहिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि परक्या सत्तेच्या विजयाचा तो स्तंभ ज्यांस गावात सावलीचाही विटाळ मानिला जाई त्यांच्या पराक्रमाची साक्ष बनला. आज दरवर्षी लक्षावधी माणसे तेथे जातात. २०१८ साली, लढाईस दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, तेथे दंगल उसळून रक्तही सांडले. दगड मुका असतो असे म्हणणारांनी एवढ्यावरून बोध घ्यावा.

येथे कोणी विचारील की, या स्तंभाचा खरा अर्थ कोणता, कंपनीचा की बाबासाहेबांचा? मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. एकाच दिवशी एका बाजूस राज्य बुडत होते आणि दुसऱ्या बाजूस राज्याने माणूस न मानलेली माणसे आपले माणूसपण तरवारीने सिद्ध करीत होती. हे दोन्ही घडले. ज्यास पहिल्याचे दुःख आहे त्याने दुसऱ्याचा अभिमान नाकारू नये, आणि ज्यास दुसऱ्याचा अभिमान आहे त्याने पहिल्याच्या दुःखास हसू नये. स्मारकाच्या रक्षकाचे काम दोहोंतील एक अर्थ खोडण्याचे नव्हे. त्या बावीस नावांतील एक नावही पुसट होऊ न देणे, एवढेच त्याचे काम. येथे नावे होती म्हणून अर्थ परत मिळविता आला. वीरगळावर ती नाहीत, म्हणून तेथील वीर कायमचा अनाथ झाला.

तिसरी वाट गोष्टीची. रायगडावर हिरकणीचा बुरूज आहे. दूध घालावयास गडावर गेलेली गवळण, सूर्यास्तानंतर बंद झालेले दरवाजे, खाली घरी असलेले तान्हे मूल, आणि काळोखात तुटलेल्या कड्यावरून उतरलेली ती आई: ही कथा कागदाच्या नव्हे, लोकमुखाच्या आधाराने जगली आहे. सिंहगडाचेही तसेच. 'गड आला पण सिंह गेला' हे उद्गार मराठी मुलास अक्षरांआधी पाठ होतात, व तानाजीच्या मृत्यूवरून गडास ते नाव पडले असे तो मानितो. परंतु 'सिंहगड' हे नाव १६७० पूर्वीच्या पत्रांतही आढळते. ही गोष्ट कळल्यावर कित्येकांचा विरस होतो, कित्येक रागावतात, आणि काही जण 'म्हणजे सारेच खोटे' असे म्हणून मोकळे होतात. तिन्ही प्रकार मला सारखेच अविचाराचे वाटतात.

गोष्ट आणि दस्तऐवज यांची साक्ष भिन्न विषयांची असते. पत्र सांगते, नाव केव्हा रूढ होते. पोवाडा सांगतो, एका सुभेदाराने मुलाचे लग्न बाजूस सारून प्राण द्यावा यात लोकांस काय थोर वाटले. हिरकणीची कथा गडाच्या बांधकामाविषयी काही सिद्ध करीत नाही. पण राजाच्या शिस्तीहून आईची ओढ मोठी आणि ती ओळखून तिचा गौरव करणारा राजा खरा राजा, असे या डोंगराळ मुलखातील माणसे मानीत आली, हे ती निःसंशय सिद्ध करिते. हा देखील इतिहासच आहे. मात्र तो घटनांचा नव्हे, मूल्यांचा. १८९१ साली ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तो गोंधळी-शाहिरांच्या तोंडून ऐकलेल्या गाण्यांचा होता. त्यांनी ती गाणी बखरीशी ताडून 'शुद्ध' केली असती, तर आपणांस बखरीची एक वाईट नक्कल मिळाली असती आणि पोवाडा मात्र गेला असता.

विरोध निर्माण होतो तो या दोन साक्षींची सरमिसळ केल्याने. गोष्ट गोष्ट म्हणून सांगितली जाते तोवर ती निरागस असते. तिला दगडात घडवून खाली सन लिहिला की, ती पुरावा असल्याचा आव आणू लागते. रायगडावर महाराजांच्या समाधीसमोर वाघ्या कुत्र्याचा पुतळा १९३६ साली उभारला गेला. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या इमानी प्राण्याची ती कथा लोकांस प्रिय आहे. पण तिला समकालीन कागदाचा आधार नाही. २०१२ साली हा पुतळा हलविला गेला व पुन्हा बसविला गेला, आणि दोन्ही वेळा माणसे खवळली. एका पक्षास वाटले, इतिहासाचा अपमान झाला. दुसऱ्यास वाटले, श्रद्धेचा झाला. शेजारी चार ओळींची पाटी असती, आणि 'ही लोककथा आहे, हा पुतळा अमुक साली या कथेच्या प्रेमातून उभा राहिला' एवढे तीवर प्रांजळपणे लिहिलेले असते, तर कथा व इतिहास दोहोंचाही मान राहिला असता. ज्या त्या साक्षीस तिच्या खऱ्या नावाने हाक मारणे, हा जतनाचा दुसरा नियम होय.

तिसरा नियम पाळण्यास सर्वांत कठीण आहे. आपणांस जे लाजिरवाणे वाटते तेही राखिले पाहिजे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ सालापासून प्रसिद्ध होऊ लागली. पतीवर अपार प्रेम करणाऱ्या या बाईने त्यांचा संताप, त्यांचे अचानक घर सोडून जाणे, त्यांच्या धर्मांतराने स्वतःवर कोसळलेले दुःख यांतील काहीही झाकून ठेविले नाही. त्यामुळे रेव्हरंड टिळक आपल्या दृष्टीने लहान झाले काय? उलट ते जिवंत झाले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, आणि सुशिक्षित मराठी घरांस आपल्याच गावाची दुसरी बाजू प्रथम दिसली. त्याच गावाविषयी आपण शंभर वर्षे रम्य आठवणी लिहीत होतो! त्या आठवणी खोट्या नव्हत्या. पण वेशीच्या आतल्या होत्या. ज्या प्रांताच्या इतिहासात केवळ अभिमानास्पद तेवढेच जमा होते, तो इतिहास नव्हे. ती लग्नपत्रिका होय.

यावर कोणी म्हणेल, जिवंत माणसांच्या भावना दुखवून सत्य सांगण्यात कोणता धर्म? हा प्रश्न रास्त आहे, आणि याचे उत्तर त्या वरसईच्या भिक्षुकानेच देऊन ठेविले आहे. त्याने लिहिले, पण आपल्या मरणापर्यंत ते बंद ठेविण्यास सांगितले. करुणेसाठी, भीतीसाठी, कोणाच्या अब्रूसाठी स्मृतीस काही काळ कुलूप लावणे समजू शकते. कुलूप उघडता येते. राख वाचता येत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर एका पुस्तकाच्या रागातून हल्ला झाला, कपाटे फोडली गेली, ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. ज्या पूर्वजांच्या मानासाठी हे झाले असे सांगण्यात आले, त्यांच्याच जगाची साक्ष देणारी साधने त्या कपाटांत होती. स्मृतीवरील प्रेम मालकीच्या भावनेत उतरले म्हणजे ते कोणत्या थरास जाते, याचे याहून दुःखदायक उदाहरण आपल्याकडे नसेल.

मालकी हाच या सर्व विवेचनाचा गाभा आहे. आपण समजतो, आमच्या पूर्वजांचा इतिहास म्हणजे आमची मालमत्ता. ती आम्ही हवी तशी सजवू, विकू, पाडू. वास्तविक तिचा एक भागीदार मेला आहे व दुसरा अद्याप जन्मला नाही. दोघांसही तोंड नाही. अशा मालमत्तेवर ज्याचा ताबा असतो त्यास मालक म्हणत नाहीत, विश्वस्त म्हणतात. विश्वस्ताने ठेवीवर प्रेम करावे, तिचा अभिमानही बाळगावा. पण हिशेब मात्र जसा मिळाला तसा पुढे द्यावा, आणि आपण काही फेरफार केला असेल तर तो नमूद करून द्यावा.

हे काम केवळ संशोधकांचे आहे, असे कोणी समजू नये. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १८९८ सालापासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले, ते सरकारी कचेरीत बसून नव्हे. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडी पडलेली दप्तरे मिळवून. त्या दप्तरांचे धनी तुमच्याआमच्यासारखे साधे गृहस्थ होते. कोणी ती जपली होती, कोणी बंबात घातली होती, आणि कोणी 'घरातले बाहेर कशास' म्हणून दडवून ठेविली होती. त्या त्या घरातील एका माणसाच्या क्षणभराच्या निर्णयाने प्रांताच्या इतिहासाचे एकेक पान राहिले किंवा गेले.

आजही ते निर्णय घरोघर होतच आहेत. वाडा पाडून इमारत उभी राहताना माळ्यावरची ट्रंक कोठे जाते? आजी जे सांगते, धरणाखाली गेलेल्या गावाविषयी, प्लेगच्या साली रानात बांधलेल्या झोपड्यांविषयी, सासरी सोसलेल्या हालांविषयी, ते कोणी लिहून घेतो काय? घेतो तर तिच्या बोलीत, की आपल्या शुद्ध भाषेत? तिने सांगितलेले एखादे नाव कुळाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही म्हणून आपण गाळतो काय? वैद्यांपुढे जो प्रश्न होता तोच येथे स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आपणांपुढे उभा आहे. फार करावयाचे नाही: कोणी सांगितले, केव्हा सांगितले, हे वर लिहावे, खाली तिचे शब्द तसेच ठेवावेत, आपले मत द्यावयाचे तर ते निराळे द्यावे. आणि तो कागद फाडू नये.

त्या वीरगळाखाली ज्याची आठवण पुरली गेली, त्याच्या आईस, बायकोस, शेजाऱ्यांस त्याचे नाव पक्के ठाऊक होते. इतके ठाऊक होते, की ते दगडावर कोरण्याची गरज त्यांस भासली नसावी. विस्मृतीचा प्रारंभ बहुधा येथेच होतो. द्वेषाने पुसलेल्या नावांची संख्या थोडी आहे. 'हे काय, सर्वांस ठाऊकच आहे' अशा समजुतीने बुडालेल्या नावांची गणती नाही.